मिस्ट्री कॅशची गणिती कोडी: कागदापासून प्रोग्रॅमपर्यंत

जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसच्या मदतीने लपवलेले डबे शोधण्याचा खेळ; असा डबा म्हणजे जिओकॅश किंवा नुसते कॅश. प्रश्नचिन्हाची खूण असलेली जिओकॅश नकाशावर जिथे दिसते, तिथे डबा नसतो. ते को-ऑर्डिनेट्स (अक्षांश-रेखांश) नुसते दाखवण्यापुरते असतात. खरे को-ऑर्डिनेट्स कॅशच्या पानावरच्या कोड्यात दडलेले असतात. या प्रकाराला मिस्ट्री किंवा पझल कॅश म्हणतात. साधे डबे शोधण्यात तरबेज असलेली मंडळीही इथे येऊन अडतात, कारण पानावर कधी दोनशे आकड्यांची रांग असते, कधी एकच चित्र, तर कधी ‘बाकी किती उरेल?’ एवढाच प्रश्न.

हा लेख गणित आणि संगणक लागणाऱ्या कोड्यांबद्दल आहे. शाळेतले गणित आणि प्रोग्रॅमिंगची तोंडओळख असेल तर पुरे. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच पक्की करा: इथे उत्तराचे रूप तुम्हाला आधीपासून माहीत असते. उत्तर म्हणजे पृथ्वीवरची एक जागा, तीही दाखवलेल्या खुणेच्या आसपासची. ही माहिती नीट वापरली की निम्मे काम हलके होते. संगणक कल्पना सुचवत नाही. सुचलेली कल्पना खरी की खोटी, हे तो झटपट सांगतो.

लागणारी साधने

- वही आणि पेन्सिल. पहिला अर्धा तास एवढ्यावरच काम करा.
- पायथन ३. यात पूर्णांकांना लांबीची मर्यादा नाही, आणि कोड्यांसाठी हाच सगळ्यात मोठा फायदा आहे. सोबत सिमपाय (मूळ संख्या, अवयव, बाकीची समीकरणे), एमपीमॅथ (π, म्हणजे पायचे हजारो अंक), जिओग्राफिकलिब (अंतर आणि दिशाकोन) आणि पिलो (चित्रातले पिक्सेल वाचायला) ही पॅकेजेस घाला.
- सायबरशेफ. ब्राउझरमध्ये चालते आणि एकावर एक सांकेतिक थर उलगडायला फार सोयीचे आहे.
- ओईआयएस, म्हणजे पूर्णांकांच्या मालिकांचा ऑनलाइन ज्ञानकोश. मालिकेतले पाच-सहा आकडे टाकले की ती कोणती ते कळते.
- वर्तुळ आणि रेषा काढता येतील असा नकाशा.
- प्रत्यक्ष जागेवर जायला सी-जिओसारखे ॲप किंवा हातातला जीपीएस.

जिओकॅशिंग डॉट कॉमच्या नियमांनुसार कोडे सोडवण्यासाठी अनोळखी फाइल उतरवायला किंवा दुसऱ्या संकेतस्थळावर नोंदणी करायला लावता येत नाही. त्यामुळे असे काही करण्याची वेळ आली, तर बहुधा तुम्ही चुकीच्या वाटेवर आहात.

१. आधी उत्तराचे रूप लिहून काढा

को-ऑर्डिनेट्स अंश आणि दशांश मिनिटांत लिहिले जातात आणि ते डब्ल्यूजीएस ८४ या, जीपीएस वापरते त्या प्रणालीतले असतात. नमुन्यादाखल ही खूण घ्या:

उत्तर ४७° २३.६८५′ पूर्व ०१४° ३२.४१०′

अक्षांशाचे ७ अंक आणि रेखांशाचे ८, मिळून १५. हा १५ आकडा डोक्यात ठेवा. पानावर १५ चित्रे, १५ ओळी किंवा १५ प्रश्न असतील, तर प्रत्येकातून एक अंक निघणार, हे जवळपास ठरलेले. रेखांशाच्या सुरुवातीचे शून्य सोडले तर १४. अंश गृहीत धरले तर फक्त मिनिटांचे १०. केवळ दशांश भाग विचारला असेल तर ६.

पुढचा आधार अंतराचा. मिस्ट्री कॅशचा डबा दाखवलेल्या खुणेपासून साधारणपणे ३.२ किलोमीटरच्या आत असावा, असा नियम आहे. वरच्या अक्षांशावर अक्षांशाचे १ मिनिट सुमारे १८५३ मीटर भरते आणि रेखांशाचे १ मिनिट सुमारे १२५८ मीटर. म्हणजे अक्षांशाची मिनिटे २१.९ ते २५.४ आणि रेखांशाची २९.८ ते ३५.० यांच्या दरम्यानच असणार. १५ अंकांपैकी ४, ७, २ आणि ०, १, ४ हे सहा अंक तुम्हाला कोडे न वाचताच कळले. अक्षांशाच्या मिनिटांचा एककस्थानचा अंक १ ते ५ मधलाच असणार, हेही कळले.

याचा उपयोग लगेच होतो. समजा, पानावर १५ चिन्हे आहेत आणि प्रत्येक चिन्ह म्हणजे एक अंक, असा तुमचा अंदाज आहे. मग दुसऱ्या जागेवरचे चिन्ह ७ हवे. पहिल्या आणि दहाव्या जागेवर एकच चिन्ह हवे, कारण दोन्हीकडे ४ आहे. तसे नसेल तर अंदाज चुकला किंवा क्रम वेगळा आहे. दोन मिनिटांत होणारी ही तपासणी तासन्‌तासाची पायपीट वाचवते.

सापळा: ४७° २३.६८५′ म्हणजे ४७.२३६८५ अंश नव्हे. मिनिटांना ६० ने भागायचे: २३.६८५ ÷ ६० = ०.३९४७५, म्हणून ४७.३९४७५ अंश. ही चूक केली तर तुम्ही सुमारे साडेसतरा किलोमीटर दक्षिणेला पोचता. नवशिक्यांच्या बहुतेक ‘उत्तर जुळत नाही’ तक्रारींचे मूळ इथेच असते.

२. पान अक्षरशः वाचा

कॅशचे नाव, कठीणपणाची श्रेणी, प्रसिद्धीची तारीख, सूचना, जोडलेले वेपॉइंट्स (नकाशावरचे जादा बिंदू), चित्रांची नावे आणि मापे, पानाचा एचटीएमएल स्रोत, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा पांढरा मजकूर: सगळे एकदा पाहून घ्या. सूचना रॉट१३ ने झाकलेली असते, म्हणजे प्रत्येक अक्षर १३ घरे पुढे सरकवलेले. रोमन लिपीत अक्षरे २६ असल्यामुळे तीच क्रिया पुन्हा केली की मूळ मजकूर परत येतो.

नावाकडे विशेष लक्ष द्या. कोडे घालणाऱ्याला ते सुटावे असे वाटत असते, आणि पद्धतीचा इशारा बहुतेक वेळा नावातच दिलेला असतो. नावात ‘चिनी’, ‘उर्वरित’, ‘सैनिक’ यांपैकी काही आले तर चिनी शेष प्रमेय (ते पायरी ५ मध्ये येईल) आठवा. ‘ससे’ आले तर फिबोनाची मालिका.

३. मोजा, मग ओळखा

कोणतेही साधन चालवण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे लिहा: एकूण चिन्हे किती, आणि वेगवेगळी चिन्हे किती?

फक्त दोनच चिन्हे असतील तर द्विमान पद्धत. एकूण संख्येला ८ ने भाग जातो का पाहा. जात असेल तर अस्की, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक आकडा देणारी संगणकाची पद्धत. ५ ने जात असेल तर बॉडो किंवा बेकनची लिपी (दोन्हींत अक्षरामागे पाच चिन्हे), ६ ने जात असेल तर ब्रेल. तीन चिन्हे असतील तर मोर्स (टिंब, रेघ, मोकळी जागा) किंवा त्रिमान. त्रिमानात तीन-तीनचे गट २७ शक्यता देतात, म्हणजे २६ अक्षरे आणि एक मोकळी जागा. दहा वेगळी चिन्हे म्हणजे थेट अंक असण्याची दाट शक्यता. सोळा असतील तर षोडशमान (१६ च्या पायाची संख्यापद्धत). १ ते २६ मधले आकडे म्हणजे वर्णमालेतले क्रमांक, आणि कमाल आकडा ११८ च्या आत असेल तर मूलद्रव्यांचे अणुक्रमांकही तपासा.

अस्कीतले काही आकडे पाठच करा: ० ते ९ हे अंक ४८ ते ५७, मोठी अक्षरे ६५ ते ९०, छोटी ९७ ते १२२. षोडशमानात अंकांसाठी ३० ते ३९ येतात. आकड्यांच्या रांगेत ३० ते ३९ चाच सुकाळ दिसला, तर समोर को-ऑर्डिनेट्स उघडे पडले आहेत असे समजा.

सापळा: एक थर निघाला की काम संपले असे धरून चालू नका. बेस६४ (माहिती ६४ चिन्हांत लिहिण्याची पद्धत) उलगडल्यावर षोडशमान, आणि त्यातून सरकवलेली अक्षरे, असे तीन थर सर्रास सापडतात. प्रत्येक थरानंतर पुन्हा मोजा.

४. सांकेतिक मजकूर असेल तर

अक्षरांचा मजकूर दिसला की प्रत्येक अक्षर किती वेळा आले ते मोजा आणि त्यावरून योगायोगाचा निर्देशांक काढा. मजकुरातली कोणतीही दोन अक्षरे उचलली तर ती सारखी असण्याची शक्यता किती, हे तो सांगतो. इंग्रजीसाठी तो सुमारे ०.०६७ येतो, २६ अक्षरे अगदी सरमिसळ असतील तर १/२६, म्हणजे ०.०३८. निर्देशांक ०.०६७ च्या जवळ असेल तर प्रत्येक अक्षराला एकच पर्यायी अक्षर आहे, किंवा अक्षरांच्या फक्त जागा बदलल्या आहेत. ०.०४ च्या आसपास असेल तर विजनेरसारखी, किल्लीनुसार (म्हणजे गुप्त शब्दानुसार) दर अक्षराला बदलणारी पद्धत आहे.

सीझरची सरक (प्रत्येक अक्षर सारखीच घरे सरकवलेले) असेल तर २५ च शक्यता आहेत, सगळ्या छापा आणि डोळ्यांनी वाचा. विजनेरसाठी किल्लीची लांबी २, ३, ४... अशी धरून मजकुराचे तितके स्तंभ पाडा. ज्या लांबीला प्रत्येक स्तंभाचा निर्देशांक ०.०६७ कडे चढतो, ती लांबी खरी. मग प्रत्येक स्तंभ म्हणजे एक साधी सीझर सरक.

पूर्ण अक्षरबदल असेल तर किल्ल्यांची संख्या २६ क्रमगुणित, म्हणजे सुमारे ४ वर २६ शून्ये. सगळ्या तपासणे अशक्य. इथे प्रोग्रॅम कोणत्याही किल्लीपासून सुरुवात करतो, दोन अक्षरांची अदलाबदल करतो आणि मजकूर भाषेच्या जवळ गेला तरच ती ठेवतो. ‘जवळ’ मोजायला चार-चार अक्षरांच्या गटांची वारंवारता वापरा. पद्धत उत्तम आहे, पण मजकूर सुमारे ३० अक्षरांपेक्षा लहान असेल तर अर्थपूर्ण उत्तरे एकाहून अधिक निघू शकतात. मग पायरी १ मधली माहिती कामाला आणा: मजकुरात ‘नॉर्थ’ आणि अंशांचे आकडे शब्दांत लिहिलेले असणार. कोडे घालणाऱ्याची भाषा इंग्रजी नसली तर वारंवारतेचा तक्ताही त्याच भाषेचा घ्या.

५. गणिती कोड्यांचे नेहमीचे प्रकार

बाकीची कोडी सगळ्यात जास्त भेटतात, कारण ती को-ऑर्डिनेट्सना चपखल बसतात. उदाहरण पाहा: ‘अक्षांशाच्या दशांश भागाला ७ ने भागले तर बाकी ३, ११ ने भागले तर ५ आणि १३ ने भागले तर ८.’ चिनी शेष प्रमेय सांगते की भाजकांत सामाईक अवयव नसेल, तर भाजकांच्या गुणाकाराएवढ्या टप्प्यात उत्तर एकच असते. ७ × ११ × १३ = १००१. तीन अंकी दशांश भाग ० ते ९९९ मधला असतो, म्हणजे उत्तर एकच: ३४६. पडताळा घ्या: ३४६ = ७ × ४९ + ३ = ११ × ३१ + ५ = १३ × २६ + ८. हजाराच्या किंचित पुढे जाणारा १००१ कोडेकरांना का आवडतो, हे यावरून कळेल. हेच कोडे ५, ७ आणि ९ या भाजकांनी घातले असते तर गुणाकार ३१५ आला असता आणि हजाराच्या आत तीन-चार उत्तरे निघाली असती. अशा वेळी ३.२ किलोमीटरची चाळणी किंवा पानावरची आणखी एखादी अट शोधावी लागते.

मोठ्या घातांकांना घाबरू नका. ‘७ च्या २०२६ व्या घाताचे शेवटचे तीन अंक’ विचारले तर पूर्ण संख्या काढण्याची गरज नाही. ७ चा २० वा घात १००० ने भागला तर बाकी १ उरते, म्हणून २०२६ ऐवजी २०२६ ला २० ने भागून उरणारे ६ पुरतात. ७ चा ६ वा घात १,१७,६४९, म्हणून उत्तर ६४९. पायथनमध्ये घाताच्या फंक्शनला तिसरी किंमत म्हणून १००० दिली की तो दर टप्प्यावर बाकी काढत जातो आणि घातांक शंभर अंकी असला तरी क्षणात उत्तर देतो.

अवयवांची कोडी आरएसए या सांकेतिक पद्धतीच्या धर्तीवर असतात. दिलेल्या संख्येचे दोन मूळ अवयव काढले की पुढचे सगळे यंत्रवत होते. अवयव एकमेकांच्या जवळ असतील तर फर्माची पद्धत वापरा. ८६३३ घ्या. वर्गमूळाच्या लगेच वरचा पूर्णांक ९३. ९३ चा वर्ग ८६४९, त्यातून ८६३३ वजा केले की १६, आणि १६ हा ४ चा वर्ग. म्हणून अवयव ९३ − ४ = ८९ आणि ९३ + ४ = ९७. पन्नासएक अंकांपर्यंतच्या संख्येसाठी सिमपाय बहुतेक वेळा पुरते. तीनशे अंकी संख्या दिसली, तर तिच्यात काहीतरी कमजोरी मुद्दाम ठेवलेली आहे हे नक्की. जवळजवळचे अवयव ही पहिली शंका.

पायचे अंक, मूळ संख्यांचे क्रमांक, फिबोनाची: यांत गणित सोपे आणि मोजणी अवघड. पायचा पहिला अंक ३ धरायचा की दशांशचिन्हानंतरचा १? फिबोनाचीची सुरुवात ० पासून की १ पासून? प्रोग्रॅममध्ये यादीचे पहिले घर शून्याव्या क्रमांकाचे असते, त्यामुळे एका घराची चूक ठरलेली. उपाय सोपा आहे: माहीत असलेल्या किमतीवर प्रोग्रॅम तपासा. १०० वी मूळ संख्या ५४१ आणि १००० वी ७९१९ आहे. तुमचा प्रोग्रॅम ५४१ ऐवजी ५४७ किंवा ५२३ सांगत असेल तर एक घर इकडेतिकडे झाले आहे.

सापळे, आणि हे तिन्ही फार लोकांना नडतात:

- स्प्रेडशीट १५ अंकांपर्यंतच संख्या अचूक ठेवते. पुढचे अंक शून्य होतात आणि कोणतीही सूचना येत नाही. मोठ्या संख्या कधीही स्प्रेडशीटमध्ये टाकू नका. पायथनमध्येही भागाकार पूर्णांकी ठेवा, कारण दशांश प्रकारची संख्या ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे प्रत्येक पूर्णांक अचूक धरू शकत नाही.
- ऋण संख्येची बाकी प्रत्येक भाषेत सारखी नसते. −७ ला ५ ने भागले तर पायथन ३ सांगतो, सी आणि जावास्क्रिप्ट −२.
- ४५ हे उत्तर दशांश भागासाठी ०४५ असते. प्रोग्रॅमने ‘.४५’ छापले तर तुम्ही ०.४०५ मिनिट, म्हणजे अक्षांशात सुमारे ७५० मीटर चुकता. छापताना अंकांची रुंदी नेहमी तीन ठरवून द्या.

६. सगळ्या शक्यता तपासणारा प्रोग्रॅम

एखाददुसरा अंक सापडत नाही, किंवा कोणत्या अक्षराला कोणता अंक हे ठरत नाही, तेव्हा सगळ्या शक्यता मांडून चाळायच्या. आधी शक्यता किती ते कागदावर काढा. तीन अनोळखी अंक म्हणजे १०००. दहा अक्षरांना दहा वेगळे अंक म्हणजे १० क्रमगुणित, ३६,२८,८००. साध्या संगणकावर काही सेकंदांचे काम. पंधरा अंक पूर्ण अनोळखी असतील तर एकावर पंधरा शून्ये, म्हणजे नाद सोडा आणि कोडे पुन्हा वाचा.

सांगाडा नेहमी सारखाच असतो:

१. प्रत्येक अनोळखी अक्षराला क्रमाने किमती द्या.
२. पानावरचे सूत्र लावून अक्षांश आणि रेखांश काढा.
३. मिनिटे ६० च्या आत नसतील तर सोडून द्या.
४. पानावर दिलेली अंकांच्या बेरजेची अट पाळली जात नसेल तर सोडून द्या.
५. खुणेपासूनचे अंतर ३.२ किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर सोडून द्या.
६. उरलेले बिंदू फाइलमध्ये लिहा आणि नकाशावर उघडा.

स्वस्त चाळण्या आधी आणि महाग नंतर, हा क्रम पाळा. अंतर काढायला त्रिकोणमिती लागते, बेरजेला नाही. नकाशावर उरलेले बिंदू पाहिले की तळ्याच्या मध्यावरचे, इमारतीच्या छपरावरचे आणि रेल्वेरुळांवरचे आपोआप गळतात. शिवाय दोन कॅशच्या प्रत्यक्ष डब्यांत किमान १६१ मीटर अंतर असावे लागते, म्हणून आसपासच्या साध्या कॅशच्या वर्तुळात पडणारे बिंदूही वगळा.

अंकांच्या बेरजेबद्दल थोडे सावध राहा. पुष्कळ पानांवर पूर्ण बेरजेऐवजी अंकमूळ दिलेले असते, म्हणजे एक अंक उरेपर्यंत पुन्हा पुन्हा केलेली बेरीज. अंकमूळ म्हणजे ९ ने भागल्यावरची बाकी (बाकी शून्य आली तर ९). त्यामुळे ते नऊपैकी आठ चुकीच्या शक्यता गाळते, पण ० च्या जागी ९ पडला तर त्याला कळत नाही. आणि दोन अंकांची अदलाबदल झाली तर अंकमूळ काय, पूर्ण बेरीजसुद्धा तीच राहते.

एक प्रकार प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठीच असतो: पानावर फक्त हॅश, म्हणजे मजकुरातून सूत्राने काढलेली ठरावीक लांबीची आकड्या-अक्षरांची ओळ, दिलेला असतो. षोडशमानातली लांबी मोजा. ३२ असेल तर एमडी५, ४० असेल तर शा-१, ६४ असेल तर शा-२५६. हॅश उलटवता येत नाही, पण इथे शक्यताच मोजक्या आहेत. नमुन्याच्या अक्षांशावर ०.००१ मिनिटाची चौकट सुमारे १.८५ × १.२६ मीटरची असते, आणि ३.२ किलोमीटरच्या वर्तुळात अशा सुमारे १ कोटी ४० लाख चौकटी मावतात. प्रत्येकीचे को-ऑर्डिनेट्स मजकूर म्हणून तयार करा, हॅश काढा, जुळवून पाहा. मिनिटभराच्या आसपासचे काम आहे. अडचण येते ती मजकुराच्या ठेवणीत: अंशाचे चिन्ह आहे की नाही, मोकळ्या जागा किती, रेखांशात सुरुवातीचे शून्य आहे का, ओळीच्या शेवटी नवीन ओळीचे चिन्ह चिकटले आहे का. दाखवलेल्या खुणेचा हॅशही पानावर असेल तर आधी तो जुळवून ठेवण नक्की करा.

सुडोकू, नोनोग्राम (आकड्यांवरून घरे रंगवून चित्र काढण्याचे कोडे), अक्षरांच्या बेरजा यांच्यासाठी स्वतःचा प्रोग्रॅम लिहिण्यापेक्षा झेड३ सारखा अटी सोडवणारा सॉल्व्हर वापरा. पहिले उत्तर मिळाल्यावर ‘हे उत्तर नको’ अशी अट वाढवून पुन्हा चालवा. दुसरे उत्तर निघाले तर तुमच्याकडून एखादी अट सुटली आहे.

७. नकाशावरचे गणित

‘या बिंदूपासून १५०० मीटर, ५०° दिशेला’ असे आले की त्याला प्रोजेक्शन म्हणतात. दिशाकोन उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजतात; शाळेतल्या आलेखात कोन पूर्वेपासून उलट दिशेने मोजतात. म्हणून इथे उत्तरेकडचे अंतर कोसाइनने आणि पूर्वेकडचे साइनने येते. नमुन्याच्या खुणेवरून करून पाहू:

उत्तरेकडे १५०० × कोसाइन ५०° = ९६४ मीटर; भागिले १८५३ = ०.५२० मिनिट.
पूर्वेकडे १५०० × साइन ५०° = ११४९ मीटर; भागिले १२५८ = ०.९१३ मिनिट.

मिळालेली जागा: उत्तर ४७° २४.२०५′ पूर्व ०१४° ३३.३२३′. अंकांची बेरीज ४३, अंकमूळ ७.

प्रोग्रॅममध्ये साइन आणि कोसाइन रेडियन मागतात. ५० तसेच दिले तर बिंदू १४४७ मीटर उत्तरेला आणि ३९४ मीटर पश्चिमेला जातो. पूर्वेऐवजी पश्चिमेला गेलेला बिंदू दिसला की पहिली शंका हीच घ्या.

रेखांशाचे मिनिट प्रत्येक अक्षांशावर वेगळे असते: विषुववृत्तावर सुमारे १८५५ मीटर, ३०° वर १६०८, ४५° वर १३१४, ६०° वर ९३०. यातूनच सगळ्यात फसवा सापळा तयार होतो. ‘तीन बिंदूंपासून समान अंतरावरची जागा शोधा’ असे कोडे आले की पुष्कळ जण अंशांनाच सरळ आलेखातले क्ष आणि य मानून परिकेंद्र काढतात. विषुववृत्तापासून दूर गेले की हा आलेख आडवा ताणलेला असतो, त्यामुळे वर्तुळ वर्तुळ राहत नाही आणि मिळालेला केंद्रबिंदू खऱ्या केंद्रापासून बराच दूर पडतो. आधी सगळे बिंदू मीटरमध्ये बदला, मग भूमिती करा, मग परत अंशांत या. यूटीएममध्ये (मीटरमध्ये मोजणारी, पट्ट्यांत विभागलेली नकाशा-प्रणाली) बदल केला तरी चालते, फक्त सगळे बिंदू एकाच पट्ट्यात ठेवा. तीन अंतरे दिलेली असतील आणि समीकरणे नको वाटत असतील, तर परिसरातला प्रत्येक बिंदू घेऊन तिन्ही अंतरांतली चूक मोजा आणि सर्वात कमी चुकीचा बिंदू निवडा. संगणकाला ते जड नाही.

पृथ्वी गोल धरावी की लंबगोल? ६३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल धरला तर अंतरात साधारण अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. ३०० मीटरच्या प्रोजेक्शनला तो दीड मीटर, सोडून द्या. ३ किलोमीटरला १५ मीटर, झुडपांत शोधताना तो जाणवतो. शंभर किलोमीटर दूरच्या शिखरांवरून रेषा काढून छेदबिंदू मागितला असेल तर गोल धरूच नका. जिओग्राफिकलिब वापरा आणि रेषा म्हणजे सर्वात जवळचा मार्ग की एकाच दिशाकोनाचा मार्ग, हे पानावरून ठरवा. दिशाकोन होकायंत्राचा असेल तर चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरकही धरावा लागतो.

८. उत्तर तपासा आणि निघा

पुष्कळ पानांवर उत्तर तपासण्याची सोय असते. ठराविक वेळेत तिथे मोजकेच प्रयत्न करता येतात, आणि प्रोग्रॅम लावून त्यावर शेकडो अंदाज मारणे म्हणजे कोडे घालणाऱ्याच्या कष्टांवर पाणी ओतणे. सगळ्या शक्यता तपासायच्या त्या आपल्याच संगणकावर. तपासणीत हिरवा कौल मिळाला की तिथे कधीकधी डब्याबद्दलची जादा सूचनाही दिसते. ती लिहून घ्या.

तपासणीची सोय नसेल तर स्वतःला तीन प्रश्न विचारा: बिंदू ३.२ किलोमीटरच्या आत आहे का? तिथे पायी जाता येते का, की ती कोणाची खासगी जागा आहे? आणि पानावरची प्रत्येक गोष्ट, नाव आणि चित्रासह, उत्तरात वापरली गेली का? तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर कोडे अजून पूर्ण सुटलेले नाही.

दोन-चार दिवस अडकून राहिलात तर कॅशच्या मालकाला संदेश पाठवा. ‘थोडी मदत करा’ असे मोघम लिहू नका. काय मोजले, कोणती पद्धत लावली, मध्यंतरी काय निघाले, ते तीन ओळींत लिहा. मग उत्तरही नेमके मिळते. सुटल्यावर अंतिम को-ऑर्डिनेट्स कॅशच्या पानावर आपल्या खात्यात दुरुस्त करून ठेवा, म्हणजे ॲपमध्ये बिंदू थेट खऱ्या जागी दिसेल. प्रोग्रॅमची फाइल कॅशच्या क्रमांकाच्या नावाने जपून ठेवा, पण लॉगमध्ये (कॅश सापडल्याच्या नोंदीत) किंवा उघड संग्रहात टाकू नका; पुढच्या माणसाचे कोडे त्याने फुटते. जागेवर पोचल्यावर जीपीएसची स्वतःची चूक तीन ते पाच मीटर धरा, झाडीत त्याहून जास्त, आणि त्या वर्तुळात शोध सुरू करा.